रोयणीवरच्या दोन अळंब्या : साम्य, भेद आणि संरक्षण

मृगाच्या पावसाने तापलेली भुई निवते, आषाढातल्या झडींनी ती खोलवर भिजते आणि श्रावणात ऊन-पावसाचा लपंडाव सुरू झाला, की गोमंतकाच्या रानांत उजाडण्यापूर्वीच माणसांची चाहूल लागू लागते. हातात टोपली आणि कोयती घेऊन निघालेली ही माणसे रोयणीच्या, म्हणजे वाळवीच्या वारुळाच्या, जागा शोधत असतात. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण या तालुक्यांत दिवस वर येईपर्यंत रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेल्या अळंब्यांचे वाटे दिसू लागतात. गोमंतकात त्यांना अळमी किंवा ओळमी म्हणतात. श्रावणात मांसमच्छी वर्ज्य करणाऱ्या घरांत अळम्यांचे तोंडाक किंवा शागोती हा वर्षातून एकदा लाभणारा मेवा होय. त्यामुळे भाव कितीही चढला तरी गिऱ्हाईक मागे फिरत नाही.

मागणी अशी वाढत असताना रानातील पीक मात्र वाढलेले नाही. पूर्वी ज्या जागी टोपलीभर अळंब्या मिळत, तेथे आज ओंजळभरही मिळत नाहीत, अशी तक्रार गावोगावची जाणती माणसे करतात. या तक्रारीचा अर्थ समजून घ्यावयाचा तर रोयणीवर उगवणाऱ्या दोन अळंब्यांची तुलना करणे उपयुक्त ठरेल. एक हाताच्या पंजाएवढी, दुसरी नखाएवढी. दोन्ही एकाच कुळातल्या असून दोन्हींचा पोशिंदा एकच आहे. पण जमिनीबाहेर येण्याची त्यांची रीत भिन्न आहे आणि म्हणून त्यांच्यावरील संकटही भिन्न आहे.

अळंबी म्हणजे काय?

अळंबी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. ती कवक या स्वतंत्र जीवसृष्टीतील आहे. कवकाला हिरवा रंग नसतो, त्यामुळे सूर्यप्रकाशातून अन्न तयार करणे त्याला जमत नाही. लाकूड, पालापाचोळा असे तयार सेंद्रिय पदार्थ कुजवून ते आपले पोषण करते. त्याचे खरे शरीर म्हणजे सुतासारख्या बारीक तंतूंचे जाळे. ते वर्षभर दृष्टिआड असते. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्या जाळ्याला धरलेले फळ होय. आंब्याच्या फळात कोय असते, तद्वत अळंबीच्या छत्राखाली असलेल्या पातळ पडद्यांवर, ज्यांना कल्ले म्हणतात, असंख्य सूक्ष्म बीजाणू तयार होतात. छत्री उघडली की ते खाली झडतात आणि वाऱ्यापाण्याबरोबर पसरतात. अळंबीचे प्रयोजन माणसाचे ताट सजविणे हे नसून आपले बीज पेरणे हे आहे, एवढी एक गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

वाळवीची शेती

रोयणीवर उगवणाऱ्या अळंब्यांच्या कुळाला शास्त्रज्ञ ‘टर्मिटोमायसीस’ असे म्हणतात. वाळवी आणि कवक या अर्थाचे दोन शब्द जोडून फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये हे नाव दिले. नावातच या कुळाचे मर्म आहे. ही कवके निसर्गात वाळवीवाचून जगत नाहीत आणि त्यांना पोसणारी वाळवीही त्यांच्यावाचून जगत नाही.

सर्वच वाळव्या ही शेती करीत नाहीत. आशिया आणि आफ्रिका खंडांतील एका विशिष्ट उपकुळातील वाळव्यांनाच ती विद्या अवगत आहे. आपल्याकडील ‘ओडोन्टोटर्मिस’ ही वाळवी त्यांपैकी एक. तिच्या कामकरी वाळव्या सुकलेले लाकूड, गवत व पाचोळा कुरतडून खातात. त्याबरोबर कवकाचे कणही त्यांच्या पोटात जातात. वारुळात परत आल्यावर त्या आपल्या विष्ठेचे बारीक गोळे रचून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसणारे, छिद्राछिद्रांचे पोळे बांधतात. या पोळ्यावर कवकाचे जाळे पसरते आणि वाळवीला सहजी न पचणारा लाकडाचा कठीण भाग मऊ करते. त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे येतात; ते वाळवीचे सकस खाद्य. पोळ्याचा जुना भागही पुढे खाल्ला जातो आणि नव्या भागाची भर पडत राहते. पेरणी, खत आणि कापणी ही सर्व कामे अशा रीतीने जमिनीखाली अंधारात अखंड चालू असतात. आफ्रिकेतील अरण्यांत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी ही शेती सुरू झाली असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माणसाची शेती त्यापुढे कालची ठरते.

मोठी अळंबी

या कुळातील मोठ्या अळंब्यांचे प्रतिनिधी म्हणून ‘टर्मिटोमायसीस हाइमी’ ही जात घेता येईल. दक्षिण भारतात सापडलेल्या या जातीचे वर्णन के. नटराजन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले आणि हाइम यांच्या सन्मानार्थ तिला त्यांचे नाव दिले. तिचे पूर्ण उघडलेले छत्र साधारणतः ८ ते १२ सेंटीमीटर रुंद असते, क्वचित त्याहूनही मोठे. रंग पांढरा, मध्यभागी किंचित करडसर. तेथे एक बोथट उंचवटा असतो. देठाभोवती जाडसर, टिकाऊ वलय असते. ती या जातीची खूण मानली जाते.

तिचे खरे वैशिष्ट्य मात्र जमिनीखाली आहे. पोळ्यावर उगम पावलेला कोंब वरची माती भेदीत भूपृष्ठापर्यंत येतो. त्याचे टोक कठीण असते, म्हणून पावसाने मऊ झालेली जमीन तो फोडू शकतो. पोळे जितके खोल, तितका हा जमिनीखालचा देठ लांब. कधी वीतभर, तर कधी हातभर. मुळासारखा दिसत असला तरी तो मूळ नव्हे. पोळ्याशी अळंबीला जोडणारी ती नाळ आहे.

कोंब जमिनीबाहेर आला की प्रथम त्याची मिटलेली कळी दिसते. पुढे एक-दोन दिवसांत छत्र उघडते. बाजारात मान आहे तो या मिटलेल्या कळ्यांना. त्या टिकाऊ असतात आणि त्यांना भावही अधिक मिळतो.

शितअळंबी

दुसरी जात म्हणजे ‘टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पस’. या नावाचा अर्थच ‘बारीक फळाची’ असा आहे. श्रीलंकेतून गेलेल्या नमुन्यांवरून बर्कली आणि ब्रूम या इंग्रज कवकशास्त्रज्ञांनी १८७१ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. भुईवर भाताची शिते विखुरल्यासारखी ती दिसते, म्हणून गोमंतकात काही ठिकाणी तिला शितअळमी किंवा शिती अळमी म्हणतात. तिचे छत्र जेमतेम १ ते २ सेंटीमीटर रुंद असते. देठ नाजूक, त्यावर वलय नाही आणि जमिनीत खोल जाणारी नाळही नाही.

मग पोळे जमिनीत आणि अळंबी जमिनीवर, हे कसे घडते? याचे उत्तर मोठे मनोवेधक आहे. या जातीच्या बाबतीत कामकरी वाळव्या स्वतःच पोळ्याचे तुकडे तोंडात धरून वारुळाबाहेर आणतात आणि भुईवर त्यांचा पातळ थर पसरतात. पावसाच्या ओलाव्यात त्या थरावर काही दिवसांत शेकडो इवल्या छत्र्या उभ्या राहतात. मोठी अळंबी स्वबळाने माती फोडून वर येते. शितअळंबीला तिचा शेतकरीच अंगणात आणून ठेवतो.

साम्य आणि भेद

दोहोंतील साम्य व भेद थोडक्यात असे मांडता येतील.

१. दोन्ही अळंब्या वाळवीने पोसलेल्या कवकाच्या आहेत. दोहोंचे कल्ले देठाला चिकटलेले नसतात आणि दोहोंच्या बीजाणूंचा रंग फिकट गुलाबी असतो.

२. मोठी अळंबी एकेकटी किंवा विरळ समूहाने उगवते. शितअळंबी दाट थव्याने.

३. मोठीच्या देठावर वलय व जमिनीखाली लांब नाळ असते. शितअळंबीला दोन्ही नसतात.

४. मोठीचे पोळे जागेवरच राहते. शितअळंबीसाठी पोळ्याचे तुकडे बाहेर येतात.

५. दोहोंपैकी कोणत्याही जातीची व्यापारी लागवड माणसाला अद्याप साधलेली नाही. प्रयोगशाळेत कवकाचे जाळे वाढविता येते. पण वाळवीवाचून त्याला छत्री धरवणे जमलेले नाही. यास्तव बाजारात येणारी प्रत्येक अळंबी रानातूनच आलेली असते.

बियाण्याचा प्रश्न

या तुलनेतून निघणारा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बियाण्याचा आहे. पहिल्या पावसाबरोबर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या वाळव्या झेपावतात, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या जुन्या वारुळातून नवा संसार मांडण्यासाठी निघालेल्या नर-माद्या होत. पंख गळाल्यावर जोडपे जमिनीत शिरते, स्वतःला कोंडून घेते आणि पहिली प्रजा वाढविते. या बहुतेक वाळव्यांची नवी राणी माहेरातून कवकाचे बियाणे घेऊन येत नाही, असे संशोधनातून दिसून आले आहे. ओडोन्टोटर्मिस त्यांपैकीच आहे. नव्या घरात जन्मलेल्या कामकऱ्यांनी प्रथमच बाहेर पडून, पाचोळ्याबरोबर कवकाचे बीजाणू वेचून आणावेत, तेव्हा कोठे त्या घराची शेती सुरू होते.

निसर्गाची योजना अशी, की काही आठवड्यांनी हे पहिले कामकरी बाहेर पडतात, तेव्हा रानात अळंब्यांचा हंगाम असतो. उघडलेल्या छत्र्यांतून झडलेले बीजाणू पाचोळ्यावर पसरलेले असतात. परंतु त्या परिसरातील सर्व अळंब्या कळी असतानाच खुडल्या गेल्या, तर बीजाणू झडणारच नाहीत. जुन्या वारुळाचे त्यामुळे लगेच काही बिघडत नाही. ते पुढच्या वर्षीही अळंब्या देते. म्हणूनच नुकसान चटकन डोळ्यांत भरत नाही. पण जुनी वारुळे कालांतराने मरतात आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या वसाहतींना बियाणे न मिळाले, तर त्या रुजणार कशा? जो शेतकरी सगळे भात कांडून खातो आणि बियाण्यासाठी मूठभरही राखत नाही, त्याच्या घरी त्या वर्षी धान्याची चणचण भासत नाही. ती पुढच्या वर्षी भासते. अळंबीच्या बाबतीत ‘पुढचे वर्ष’ बरेच उशिरा येते, इतकाच फरक.

येथे दोन जातींतील भेद महत्त्वाचा ठरतो. मोठ्या अळंबीची जागा ठरलेली असते आणि ती अनेकांना ठाऊक असते. आज आपण सोडली तर उद्या दुसरा नेईल, या धास्तीने कळी जमिनीबाहेर डोकावताच खुडली जाते. कधी तर जमिनीखालचा देठ मिळावा म्हणून वारूळच खणले जाते आणि पोळे उघडे पडते. शितअळंबी संख्येने शेकडो असल्यामुळे तिच्यातील काही वेचणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. तिला भय आहे ते वेगळेच. तिचे सर्वस्व भुईच्या वरच्या थरावर पसरलेले असते. पाचोळा ओरबाडणे, जागा तुडविणे, मातीसकट थर खरवडून नेणे, यांपैकी काहीही झाले तरी त्या जागेवरचे त्या वर्षीचे बीज संपते. मोठ्या अळंबीला कळ्यांच्या लोभापासून जपले पाहिजे, तर शितअळंबीला पायांपासून आणि फावड्यापासून.

धोका कोणता आणि कोठे?

या दोन्ही जाती पृथ्वीवरून नाहीशा होण्याच्या बेतात आहेत, असे मात्र कोणी समजू नये. शितअळंबी आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत आढळते. मोठी अळंबीही भारताबाहेर आग्नेय आशियात आहे. धोका आहे तो गावापुरता, डोंगरापुरता. एखादी जात जगात अन्यत्र सुखरूप असूनही एका गावाच्या रानातून ती कायमची जाऊ शकते आणि त्या गावाच्या दृष्टीने ती संपलेलीच असते. कवकांकडे जगाचे लक्षही उशिरा गेले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीसाठी मार्च २०२५ पर्यंत सुमारे १,३०० कवकांचीच पाहणी झाली होती. त्यांतील ४११ जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे दिसून आले. ज्ञात कवकांची संख्या दीड लाखाच्या घरात आहे, हे पाहता किती काम बाकी आहे याची कल्पना येईल. गोमंतकात रोयणीच्या अळंब्यांवर डॉ. नंदकुमार कामत यांनी गोवा विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केले आणि त्यांच्या संरक्षणाची गरज वारंवार मांडली.

वेचणाऱ्यांवरच सारा दोष टाकणे न्यायाचे होणार नाही. डोंगर कापले जातात, खाणींसाठी माती उपसली जाते, जंगल तोडून एकाच जातीची झाडे लावली जातात, उन्हाळ्यात वणवे पेटतात. या प्रत्येक वेळी वारुळे उद्ध्वस्त होतात किंवा वाळवीचे खाद्य असलेला पाचोळा नाहीसा होतो. वाळवीनाशक औषधांचाही विचार व्हावा. ओडोन्टोटर्मिस वाळवी माडाच्या रोपांना, पिकांना आणि घराच्या लाकडाला उपद्रव देते, हे खरे. तेथे तिचा बंदोबस्त करणे रास्तच आहे. परंतु रानातील वारुळावर विष ओतल्याने घराचे रक्षण होत नाही. अळंबीचे शेत मात्र बुडते. कोरडा पाचोळा मातीत मिसळणारी आणि जमीन भुसभुशीत करणारी रानातील वाळवी ही एक प्रकारे वनाची कामकरीणच होय.

ओळख पटल्याखेरीज खाऊ नये

अळंबीचे वर्णन वाचून कोणी रानात शिरून अनोळखी छत्र्या खुडू नयेत. पावसाळ्यात गवताळ जागी आणि बागांत उगवणारी ‘क्लोरोफायलम’ ही मोठी, पांढरी अळंबी दिसायला आकर्षक, पण विषारी आहे. तिचे कल्ले पक्व झाल्यावर हिरवट होतात. ‘अमॅनिटा’ कुळातील काही जाती प्राणघातक असतात. त्यांच्या देठाच्या बुडाशी बहुधा पिशवीसारखे वेष्टन असते. कळीच्या अवस्थेत हे भेद ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. चांदीचा चमचा काळा पडत नाही, लसणीचा रंग बदलत नाही किंवा किड्यांनी खाल्ली आहे, म्हणून अळंबी निर्धोक, या समजुती निराधार आहेत. उकळल्यानेही सर्व विषे नष्ट होत नाहीत. खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब वा पोटदुखी झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी बरोबर न्यावी. काही विषांची लक्षणे कित्येक तासांनी दिसतात, हेही विसरू नये.

कायदा, गाव आणि शाळा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय कोणतेही वनोत्पादन नेता येत नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि भगवान महावीर या अभयारण्यांना, तसेच मोले येथील राष्ट्रीय उद्यानाला हे बंधन लागू आहे. परंतु प्रत्येक रोयणीजवळ वनरक्षक उभा करणे शक्य नाही. कायद्याला गावाच्या समजुतीची जोड मिळाली तरच तो रानापर्यंत पोहोचतो.

गावाने ठरविल्यास पुढील गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. प्रत्येक जागेवरच्या काही अळंब्या, विशेषतः कडेच्या, पूर्ण उघडू द्याव्यात. किती, हे गावाने आपसांत ठरवावे, पण ठरलेले सर्वांनी पाळावे. मोठी अळंबी जमिनीलगत कापून घ्यावी, वारूळ खणू नये. शितअळंबी वरच्यावर खुडावी, माती खरवडू नये आणि थराचा काही भाग तसाच ठेवावा. गावात एखादी देवराई असेल, तर तेथील रोयणी बियाण्यासाठी राखून ठेवाव्यात. अळंबीची हौस असणाऱ्यांना भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी घरच्या घरी पिकविता येते. तिला वाळवीची गरज नसते. तिच्या लागवडीविषयी कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात चौकशी करावी.

शिक्षकांना या विषयातून एक उत्तम पाठ घेता येईल. शिक्षकांनी ओळखीच्या, जाणत्या माणसाकडून मिळविलेली एक उघडलेली अळंबी घ्यावी, देठ कापून छत्र कल्ले खाली करून कागदावर ठेवावे आणि त्यावर वाटी पालथी घालावी. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा. दुसऱ्या दिवशी छत्र उचलले की बीजाणूंची फिकट गुलाबी नक्षी कागदावर उमटलेली दिसते. मिटलेल्या कळीवर हाच प्रयोग केला तर कागद कोराच राहतो. कळी खुडल्याने काय गमावले जाते, हे मुलांना याहून स्पष्टपणे दाखविणारे दुसरे साधन नाही. प्रयोगानंतर सर्वांनी हात स्वच्छ धुवावेत. शाळेच्या परिसरातील वारुळांची नोंदवही ठेवून दरवर्षी अळंबी कोणत्या तिथीला, किती पावसानंतर उगवली, हे मुलांकडून लिहून घ्यावे. दहा-पंधरा वर्षांची अशी नोंद अभ्यासकांनाही मोलाची वाटेल.

गोमंतकात रोयणीला सातेरी मातेचे रूप मानतात आणि अनेक देवळांत वारूळच देवीच्या ठिकाणी पूजिले जाते. नागपंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहण्याची चालही जुनीच. रोयण फोडू नये, ही शिकवण या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. शास्त्राने तिचे एक कारण आज उलगडून सांगितले आहे, इतकेच. येत्या श्रावणात टोपली घेऊन रानात जाणाऱ्या प्रत्येकाने चार कळ्या उघडण्यासाठी मागे ठेवल्या, तर त्याच्या नातवंडांनाही त्याच वाटेने जाऊन त्याच जागी अळंबी सापडेल.